लाकडाची नोंद नसते

इसिड्रो अंकलचं काम केवढं आहे, हे त्यांच्या हातातल्या पिशवीवरून कळतं. स्प्रिंग बदलायची असेल तर पेरू. नळी साफ करायची असेल तर पपया. त्या दिवशी हिलो गावातल्या माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात ते धुरी दिलेलं रानडुकराचं मांस घेऊन आले, तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण कायद्याचं आहे.

त्यांनी काउंटरवर शॉटगन ठेवली. "हिची नळी थोडी काप. मागचा लाकडी दस्ताही. माझा खांदा दुखतो रे हल्ली, लांब बंदूक पेलवत नाही."

"कुठला खांदा?"

"डावा."

अंकल उजव्या खांद्याला बंदूक लावतात. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

"नळी अठरा इंचांच्या खाली गेली, तर तुम्ही तुरुंगात आणि मी शेजारच्या कोठडीत."

"मग अठराच ठेव. माणसाने कायद्यात राहावं."

"आणि नोंद कुणाच्या नावावर?"

अंकलनी पिशवी माझ्याकडे आणखी थोडी सरकवली. "नोहेआच्या."

नोहेआ आंटी म्हणजे त्यांची बायको. बंदूक तिच्या बाबांची. ते गेल्यावर तिने पोलिसांत जाऊन स्वतःच्या नावावर करून घेतली. सत्तरी ओलांडली तरी दर मोसमात अंकलबरोबर डुकराच्या शिकारीला डोंगरावर जाते. गेल्या मोसमात मात्र बरेच बार फुकट गेले आणि बोलणी शिकारी कुत्र्यांनी खाल्ली.

"तिचे हात आखडलेत," अंकल हळूच म्हणाले. "बंदूक खांद्याला लागतच नाही. पण हे तिला सांगणार कोण? यंदाही नेम चुकला तर ती पुन्हा शिकारीला यायची नाही. मग मी डोंगरावर बोलू कुणाशी?"

"ज्याच्या नावावर, त्याच्याच सांगण्यावरून कापतो मी. आंटीला घेऊन या."

दुपारी आंटी आली ती आठ्या घालूनच.

"ह्याचा खांदा दुखतो म्हणून माझी बंदूक कापायची? उद्या पाय दुखले तर डोंगर कापशील?"

"आंटी, नळीला हात लावायलाच नको," मी म्हणालो. "दस्ताच बदलू, आखूड बसवू. नोंद असते ती ह्या लोखंडावरच्या नंबराची. लाकडाची नोंद नसते."

मला वाटलं, काय तोड काढली! आंटी दस्त्यावरून हात फिरवत राहिली. एका जागी लाकूड काळं, गुळगुळीत झालं होतं.

"बाबांचा गाल इथे टेकायचा," ती म्हणाली. "हे गेलं तर माझ्या नावावर उरलं काय? पाइप!"

तिने रिकामी बंदूक उचलून भिंतीकडे रोखली. दस्ता काखेत अडकला. पुन्हा उचलली, पुन्हा अडकला. मग खाली ठेवली.

"इसिड्रो, खांदा कधीपासून दुखतोय तुझा?"

"गेल्या मोसमापासून."

"म्हणजे डुकरांवरचा माझा नेम चुकायला लागला तेव्हापासून."

अंकल छत बघायला लागले.

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून एवढंही शिकला नाहीस?" मग ती माझ्याकडे वळली. "गालाची जागा राहील?"

"राहील. दस्ता मागून दोन बोटं कापतो, रबराची गादी लावतो. नंबर तोच, नळी तीच, एकूण लांबीही कायद्यात बसते."

"बाबाही शेवटी शेवटी असेच आखूड झाले," आंटी म्हणाली. "आमच्या दारातून वाकून यायचे, ते सरळ यायला लागले. म्हणून काय बाबा बदलून आणले आम्ही? काप."

मी करवत लावली. अंकलनी आंटीचा हात धरला. तिने एकदा झटकला, मग राहू दिला.

संध्याकाळी तिने बंदूक पुन्हा खांद्याला लावली. गाल बाबांच्या जागेवर टेकला.

"बसली," ती म्हणाली. "इसिड्रो, शनिवारी अंधारातच निघू. डबा तू भर."