पथ्यपाणी

बायकोने साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ढकलला आणि स्टूल ओढत दुसऱ्या खोलीत नेलं. स्टुलाशिवाय तिचाही हात तिथे पोचत नव्हता, पण तो प्रश्न वेगळा.

"स्टूल कुठे चाललं?" खिडकीजवळच्या खुर्चीतून शिंप्याने विचारलं.

"हलतंय. पडाल."

"मी कशाला चढतोय? चहात चमचाभर साखर हवीय."

"तुम्हाला चालत नाही."

"परवा डॉक्टर काय म्हणाले? शेजारीच होतीस ना?"

"डॉक्टर काहीही बोलतात."

अकरा वर्षं ही बाई डॉक्टरांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. त्यांनी चालायला सांगितलं, तर नवऱ्याला भर पावसात छत्री देऊन घराबाहेर काढायची. त्याच डॉक्टरांनी परवा फाइल मिटली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता घरीच राहू द्या त्यांना. गोळी फक्त दुखण्यापुरती. पथ्यबिथ्य काही नको, हवं ते खाऊ द्या."

शिंप्याला लगेच कळलं. कापड पुरणार नाही, हे त्यानेही चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना असंच चष्मा पुसत सांगितलं होतं. फक्त तो निदान अर्ध्या बाह्या तरी सुचवायचा.

मोठं काही मागायचं नाही, असं त्याने दवाखान्यातून येतानाच ठरवलं. तशी सवयही नव्हती. दोघांचं सगळं सुख उरल्यासुरल्या तुकड्यांचं. साबणाची झिजलेली चकती नव्या वडीला चिकटवायची आणि ती बसली की एकमेकांना दाखवायची. कातरणांचे अभ्रे शिवायचे. एकच वर्तमानपत्र मधोमध वेगळं करून वाचायचं. खून त्याच्या पानावर व्हायचा, खुनी तिच्या पानावर सापडायचा, आणि ती दुपारपर्यंत नाव सांगायची नाही. या संसारात अकरा वर्षं एकच गोष्ट कमी होती. रक्तात साखर होती म्हणून कपात नव्हती.

बायकोने चहा आणून ठेवला. त्याने एक घोट घेतला.

"अर्धा चमचा तरी."

"नाही."

"पाव. जिभेला कळण्यापुरती."

"साखर वाढली की डोळे जातात. दवाखान्यात भिंतीवर चित्रच लावलंय."

"डोळे जायला वेळ लागतो गं," तो म्हणाला. "काही वर्षं लागतात."

ती शेगडी पुसू लागली. शेगडी अजून तापलेली होती. फडक्यातून चटका बसला असावा, पण तिने हात काढला नाही.

"अगं, आता तरी दे."

"आता म्हणजे?" तिने पाठमोरीच विचारलं.

त्याने तोंड उघडलं. उत्तर अगदी सोपं होतं, चार शब्दांचं. तिची पाठ ताठ झाली होती. माप घेताना गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहतं, तशी.

"गोळीची वेळ झाली का?" त्याने विचारलं.

"फाइलमध्ये बघा, लिहिलंय."

त्याने फाइल मांडीवर घेतली. परवाचा कागद सगळ्यात वर होता. डॉक्टरांचं अक्षर नेहमीसारखं, मुंग्या चालून गेल्यासारखं. खाली 'पुढील भेट' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे डॉक्टरांनी एक आडवी रेघ मारली होती. त्या रेघेवर निळ्या पेनाने तारीख घातलेली होती. तीन महिन्यांनंतरची. पुढे 'साखर तपासणी'. पेन इतकं दाबलं होतं की सातच्या आकड्याशी कागद फाटला होता.

तो सात त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. दुकानात तो टेप धरून छाती-कंबर सांगायचा आणि बायको वहीत उतरवायची. असे सात त्याने आयुष्यभर कापडावर कापले होते.

त्याने फाइल मिटली. कप उचलला आणि चहा तळापर्यंत संपवला.

"पुढची तारीख दिलीय म्हणायची," तो म्हणाला.

फडकं थांबलं.

"दिलीय."

"उपाशीपोटी जायचं?"

ती वळली. त्याच्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत होती. तो रिकाम्या कपाकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही."

"मग सकाळचा पहिला नंबर लाव. भूक लागली की मला थांबवत नाही."