रोग कासेत, काडी नाकात

साहेब, तुम्ही गाईंच्या नाकात तपासणीच्या काड्या फिरवल्या आणि कळप निरोगी असल्याचा दाखला देऊन मोकळे झालात. बर्ड फ्लू गाईच्या कासेत ठाण मांडतो, हे तुमच्याच पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगत होते. तरी दुधाला हात लावू दिला नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

त्या आठवड्यात दोघी बहिणींतल्या थोरलीच्या गोठ्यात काही गाईंचं दूध दाट, पिवळं यायला लागलं होतं, अगदी चिकासारखं. पण त्या गाईंना व्यायला महिने उलटले होते. वैरण पुढ्यात तशीच पडून राहायची. धारेच्या वेळी गाईगाईमागे फिरणाऱ्या मांजराला सगळे मुकादम म्हणायचे. मुकादमानं ते दूध चाटलं, जागच्या जागी गोल फिरला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

आणि याच कळपातल्या गाई धाकट्या बहिणीकडे जायच्या होत्या. सौदा ठरलेला, ट्रक सांगितलेला. धाकटीचा गोठा ठणठणीत, आणि तिला खोड अशी की धार काढताना पेलाभर कोमट दूध तिथंच घशाखाली घालायचं.

थोरलीनं गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"वहिनी, वरून हुकूम आहे. नमुना फक्त नाकातला."

"गाईच्या की साहेबाच्या?"

"साहेबाच्या नाकात माशीसुद्धा शिरायला घाबरते," म्हणत डॉक्टरांनी पिशवी उघडली. आजारी गाईचे सड पुसले, पहिल्या धारा सोडून दिल्या आणि चारही सडांचं दूध नळीत घेतलं. मग त्याच गाईच्या नाकातही काडी फिरवली. "दोन्ही एकाच गाईचे असू देत. पळवाट नको कुणाला."

नमुने बर्फात घालून गेले. निकालाआधी ट्रकच आला, पुढच्या सीटवर धाकटी. थोरलीनं फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"ताई, दाखला आहे ना? द्यायच्या नसतील तर तोंडानं सांग."

"नाही द्यायच्या. आज तरी नाही."

"लहानपणी बाहुलीही अशीच धरून बसायचीस."

"बाहुलीनं तुला ताप आला नसता."

"अगं, दाखल्यावर सही आहे."

"सहीला कास नसते."

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बादली पालथी घालून ती फाटकाशीच बसली. ड्रायव्हर घोरायला लागला. बऱ्याच वेळानं ती पुटपुटली, "चहा तरी देशील?"

"देते. पण कोरा."

ती कपात फुंकर घालत असतानाच फोन वाजला. थोरलीनं आवाज मोठा केला.

"नाक कोरं करकरीत," डॉक्टर सांगत होते. "दुधात बर्ड फ्लू ठासून भरलाय. गाय तीच."

"परत सांगा. हिला ऐकू द्या."

डॉक्टरांनी परत सांगितलं. आता आपला गोठा बंद होणार, दूध ओतून द्यावं लागणार, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिचा ऊर अभिमानानं भरून आला. धाकटी उठली, ड्रायव्हरला हलवून जागं केलं आणि म्हणाली, "फिरव गाडी." मग बहिणीकडे न बघताच, "ठेव बाई तुझी बाहुली."

आजारी गाई वेगळ्या बांधल्या. त्यांची धार सगळ्यांत शेवटी, हातमोजे आणि चष्मे चढवून. धाकटीच्या गोठ्यातलंही दूध तपासलं, एकूण एक गाय निर्दोष निघाली. आजूबाजूच्या गोठेवाल्यांनी ठरवून टाकलं की दूध तपासल्याशिवाय गाय दावं सोडणार नाही. तुमच्या हुकमाची वाट कुणी पाहिली नाही. आणि एका सकाळी, सगळ्यांत आजारी होती त्याच गाईनं वैरणीसाठी असा हंबरडा फोडला की थोरली हातातली बादली टाकून हसत सुटली.

त्या दुपारी दोघी बहिणी तुमच्या कार्यालयात आल्या. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. थोरलीनं बाक ओढून साहेबांच्या दारालाच लावला. धाकटी शेजारी बसली. दार उघडलं तेव्हा थोरली उठलीसुद्धा नाही.

"साहेब, दूध तपासू नका असं कोण म्हणालं, त्याचं नाव सांगा. आम्ही बसलोय."