निळ्या खुणेच्या मेंढ्या

करुणानं मेंढीच्या पायांचे चिमटे काढले, जेल लावून पुन्हा बसवले. ईसीजीच्या कागदावर पुन्हा तेच उमटलं. मिनिटाला एकशे चौतीस ठोके.

निळ्या खुणेच्या आठही मेंढ्यांचं सहा महिने हेच चाललं होतं. त्यांच्या मागच्या पायाच्या हाडावर नव्या, हळूहळू विरघळणाऱ्या धातूची पट्टी बसवली होती. लाल खुणेच्या आठ जणींना नेहमीची टायटॅनियमची. लाल मेंढ्यांचं हृदय नव्वदीत शांत चाले. नवा धातू हृदयाला बाधतो, असा अहवाल प्रकल्पप्रमुख नितीन सर आज संध्याकाळी पाठवणार होते. मग तो धातू माणसापर्यंत पोचणारच नव्हता. पण रक्तात तर धातू कुठंच वाढलेला दिसत नव्हता. दोन दिवस करुणाला घास गोड लागत नव्हता.

"मॅडम, मेंढीपक्षा तुमीच जास्त भेलेल्या दिसून रायल्या," तुळशीराम म्हणाला. बोरगावच्या या गोठ्यातल्या मेंढ्या तोच सांभाळायचा.

मेंढी संत्र्याच्या बागेकडं मान वळवून एकसारखी ओरडत होती. बागेपलीकडं कळप चरत होता. ही इथं कधीपासून आहे, करुणानं विचारलं. सकाळी सातपासून, तो म्हणाला. लाल खुणेच्या मात्र तपासणीच्या वेळीच, चार-पाच मिळून हाकलत आणतो.

"मंग निळ्या एकट्या काहून, काका?" तिनं त्याच्याच बोलीत विचारलं.

"तुमीच तं म्हनलं होतं पहिल्या दिवशी, निळ्यावाल्या जपा म्हनून. कळपात ढुशी लागली तं पट्टी हालन. म्हून येगळी बांधतो. कोनाले हात लावू देत नाई."

करुणानं कळपाकडं बघून ओरडणाऱ्या मेंढीकडं पाहिलं. मग तिनं कळपातली एक मेंढी आणायला सांगितलं. ती येऊन निळीला अंग लावून उभी राहिली. ओरडणं थांबलं. पंधरा मिनिटांनी कागदावर ब्याण्णव ठोके आले.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. सर वैतागले. एका मेंढीच्या एका नोंदीवर अहवाल अडवायचा का, आणि सहा महिन्यांचा जाब कोण देणार, असं त्यांनी विचारलं.

"मी देईन, सर. सांगणं माझंच होतं."

तुळशीराम खाली मान घालून पुढची निळी मेंढी आणायला निघाला होता. करुणानं फोन कानाशी तसाच धरून त्याला हाक मारली आणि हातानं दोन बोटं दाखवली: एकटी नको, दोघी मिळून आणा.