अवनीची फाइल

केंद्र सरकारात एकवीस वर्षं काढलेल्या बाईला डॉक्टरांनी 'मुलीचं रोजचं थोडंसं लिहून ठेवा' असं सांगू नये. थोडंसं लिहिणं तिला जमत नाही. स्वरूपानं दुसऱ्याच दिवशी एक जाडजूड फाइल आणली, वर 'अवनी' असं नाव घातलं आणि रोज जेवणं आटोपली की टिपणी लिहायला बसू लागली. झोप किती, पोळ्या किती, भीती दहापैकी किती. रविवारी नवरा, उल्हास, खाली 'पाहिले' असं लिहून सही करी. तोही सरकारीच, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती फाइल फ्रिजवर उघडी पडलेली असे.

अवनी अकरा वर्षांची. मागच्या वर्षी तिच्या मनानं घेतलं, की ऑफिसला जाता-येता आईला काहीतरी होणार आणि ती परत येणार नाही. दिवसातून चाळीस चाळीस फोन. आईनं उचलला नाही की टाळूवरचे केस एकेक करून उपटायचे. शाळेत अर्धा दिवस बसणंही मुश्किल झालं. मनाच्या डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या गोळीनं पोरगी ताटावरच पेंगायला लागली. दुसरीनं तिला एका जागी बसवेना. खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून खोलीत, पाय दुखले तरी चालणं थांबेना. एका संध्याकाळी तशीच चालता चालता तिनं विचारलं, "आई, मी अशीच राहणार का?" स्वरूपा तिचा हात धरून तिच्याबरोबर चालत राहिली.

मग तिसरी गोळी सुरू झाली आणि पंधराव्या दिवशी फोन बंद झाले. भीती दहापैकी तीन. मग दोन. अवनी दुपारी एकला शाळेतून घरी यायची, कामवाल्या बाईकडून वाढून घ्यायची, आई आली की हसून दार उघडायची. दोन महिने टिपण्या अशा झकास चालल्या, की एखाद्या साहेबानं डोळे मिटून सही ठोकावी. उल्हास तर पेढे आणायच्या गोष्टी करू लागला.

डॉक्टरांकडे जायला दहा दिवस असताना स्वरूपानं चादरी बदलायला काढल्या. अवनीच्या उशीच्या अभ्र्यात केसांचा पुंजका होता, अंड्याएवढा, नीट गुंडाळून ठेवलेला. ती पलंगावर बसली. मग उठून तो कागदात बांधला आणि कचऱ्यात खोल दाबला. रात्री फाइलमध्ये लिहिलं : 'ठीक. झोप आठ तास.' खोटी टिपणी तिनं उभ्या नोकरीत लिहिली नव्हती. पण हे लिहिलं तर गोळी बदलणार, आणि पुन्हा ते चालणं बघायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

गंमत म्हणजे पुढचे दहा दिवस अवनी खरोखरच बरी वाटली. रोज येऊन आईच्या कुशीत शिरे, तिच्या हातावर डोकं ठेवून झोपे. वर्षभरात असं झालं नव्हतं. स्वरूपाला वाटलं, आता गोळी लागू पडली.

डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली आणि चष्मा काढला. "बहुत बढ़िया. छह महीने यही चलने देते हैं."

सहा महिने. स्वरूपा गप्प बसू शकली असती. तिनं अवनीकडे पाहिलं, टाळूवरची विरळ जागा झाकायला तिनं केस कसे ओढून घेतले होते ते पाहिलं, आणि म्हणाली, "मॅडम, ये फिर से बाल खींच रही है. मैंने लिखा नहीं."

डॉक्टरांनी अवनीला जवळ बोलावून विचारलं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागली. मग हिंदीत, धडा म्हणावा तशी, बोलली. फाइल ती रोज वाचते. मम्मी खराब लिहिते तेव्हा दवा बदलते. म्हणून तिनं फोन करायचा सोडला. घरी आल्यापासून सहापर्यंत ती खिडकीत बसते. पाणी पीत नाही, कारण बाथरूमला गेलं तर मम्मीची गाडी दिसायची राहील. "और मम्मी आती है तो मैं हँस देती हूँ."

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. ही गोळी हळूहळू कमी, दुसरी हळूहळू सुरू. पहिले तीन आठवडे त्रास होईल, फार वाटलं तर लगेच फोन करा. चौथी गोळी. स्वरूपानं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

बाहेर पडल्यावर, बरोबर आलेला उल्हास गाडी आणायला गेला. मायलेकी फाटकापाशी उभ्या राहिल्या. स्वरूपानं हात धरायला पुढे केला, अवनीनं तो धरला नाही.

"उशीतलं तूच काढलंस ना?"

"हो."

"मी बघितलं होतं, तिथे नव्हतं. मग फाइल बघितली, तर तू 'ठीक' लिहिलेलं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटलं, आता आपण दोघी मिळून लपवतोय. मला किती बरं वाटत होतं."

स्वरूपाला रडू आवरेना. गाडी समोर येऊन थांबली, आणि अवनी पुढे जाऊन बाबांशेजारच्या सीटवर बसली.