केराबाईच्या गाडीचा क्लच

केराबाई गेली हे जोतिरामला कळलं, तेव्हा तो दवाखान्याच्या गेटाशी तिची गाडी पुसत होता. मेहुणा बिरप्पा जिना उतरून आला आणि नुसतं "दाजी, वर चला" म्हणाला. तेवढ्यावर जोतिराम समजला. त्यानं फडकं हँडलला अडकवलं आणि वर गेला.

पोटात दुखतंय म्हणून केराबाई सोलापुरात दाखवायला आली होती, तीही सांगोल्याच्या पलीकडच्या वस्तीवरून स्वतः मोटारसायकल चालवत. जोतिराम मागं बसला होता. त्यांच्या घरात तशीच रीत पडली होती. गाडी घेतली तेव्हा दोघंही माळावर शिकायला गेले. जोतिराम पहिल्याच दिवशी बाभळीत घुसला. केराबाई मात्र संध्याकाळपर्यंत माळाला चकरा मारायला लागली. मग यानं नाद सोडला. बाजाराला जाताना ती पुढं, हा मागं आणि याच्या मांडीवर बोकड. वस्तीवरची माणसं म्हणायची, "जोत्या, तू आन बोकड, दोगंबी केराच्या भरवशावर!"

"व्हय, पर बोकड माघारी येत न्हाय. मी येतो की," जोतिराम म्हणायचा.

केराबाईला ॲम्ब्युलन्समधून वस्तीवर नेलं. गाडी सोलापुरातच राहिली, सात रस्ता चौकाच्या मागं, बिरप्पाच्या दारात. चार महिने तिला कुणी हात लावला नाही.

तिकडं करडं मोठी झाली. बाजार गाठायचा तर दर वेळी दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघायची पाळी आली. तेव्हा जोतिराम गाडी न्यायला सोलापुरात आला. बिरप्पानं किक मारली, गाडी सुरूही झाली. पण क्लच दाबून गिअर टाकला की गचका देऊन पुढं उडी घ्यायची आणि बंद पडायची.

"दाजी, इकून टाका. गिऱ्हाईक हाय माज्याकडं," बिरप्पा म्हणाला. "घरी नेऊन तरी चालवणार कोण?"

"आदी नीट तर हू दे."

गल्लीच्या तोंडाशी मंजुनाथचं गॅरेज होतं. दोघांनी गाडी ढकलत तिथं नेली. मंजुनाथनं क्लचचा लिव्हर दोनदा दाबून बघितला, वायर जराशी ताणली, पुन्हा दाबून बघितला.

"वायरीत दोष न्हाय. लई दिस हुबी हाय गाडी. आतल्या प्लेटा एकमेकीला चिकटल्यात. क्लच दाबला तरी सुटंनात."

"मग खोलायला लागंल?"

"आदी हलवून बगू. सुटल्या तर सुटल्या." त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली. "एकानं बसून क्लच दाबून धरायचा, आमी फुडं-मागं ढकलतो. बसा मामा."

जोतिराम बसला. मंजुनाथ त्याच्याकडं बघतच राहिला. जोतिराम मागच्या सीटवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"आवो, तितनं क्लच कसा दाबणार? हात हाय का मारुतीचं शेपूट?"

बिरप्पा हसला आणि लगेच गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. जोतिराम पुढं सरकला.

दोघं गाडी ढकलायला लागले. चाक अडून अडून फिरत होतं. पुढं, मागं, पुन्हा पुढं. जोतिरामची बोटं दुखायला लागली.

"सोडू नका, मामा! बायकोलाबी इतकं घट्ट धरत न्हाय कुनी, पर आज धरा."

जोतिरामनं लिव्हर सोडला नाही. थोड्या वेळानं आत खट्ट वाजलं आणि गाडी एकदम हलकी होऊन सरकली.

"सुटल्या!" मंजुनाथ म्हणाला. त्यानं जुनं काळं ऑइल काढून नवं भरलं आणि हात पुसता पुसता लिव्हरकडं बघितलं. "ह्यो लई खाली वाकवून बसवलाय. कुनी लावला?"

"केरानं. माजी बायको. बुटकी व्हती ती."

 मंजुनाथनं पाना उचलत विचारलं, "आता कुनाच्या हाताला बसवू? चालवणार कोण?"

"ऱ्हाऊ दे तसाच, गाडी इकायचीच—" बिरप्पा बोलायला लागला.

"माज्या हाताला बसव," जोतिराम म्हणाला.

मंजुनाथनं नट सैल केला, लिव्हर वर घेतला, त्यावर जोतिरामची बोटं ठेवून बघितली आणि नट आवळला. बिरप्पानं गिऱ्हाइकाचं नाव पुन्हा काढलं नाही.

गाडी वस्तीवर बिरप्पानंच आणून दिली. वाटेत जोतिराम मागं बसून त्याच्या डाव्या हाताकडं बघत होता. हात कधी आवळतो, कधी सुटतो, एवढंच.

आता तो सकाळी शेरडं सोडायच्या आधी गाडी काढतो. क्लच दाबतो, पहिला गिअर टाकतो, हळूहळू सोडतो. सुरुवातीला गाडी दर वेळी बंद पडायची, आता पडत नाही. पहिल्या गिअरवर तो डांबरी रस्त्यापर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो. दुसरा गिअर टाकणं अजून राहिलं आहे.