नागम्माचा नवस

निजामाच्या राज्यात देव न मानणारे कादंबरीकार म्हणून धाराशिवचे सिद्रामप्पा बदनाम होते. सोलापूरच्या साप्ताहिकासाठी त्यांची मुलाखत घ्यायला आलेले वामनराव त्यांना येरमाळ्याच्या येडाई देवीसाठी साडीचोळी बांधताना पाहून चक्रावलेच.

“अहो, तुम्ही तर देव मानत नाही!”

“न्हाय मानत. पण माझ्या कादंबरीतल्या नागम्मानं आजारी पोरासाठी येडाईला साडीचोळीचा नवस बोलला होता. पोरगं बरं झालं. नवस फेडायच्या आतच म्या तिला प्लेगात मारलं.”

वामनरावांना हसू आवरेना. “पण नागम्मा कुठं खरी होती?”

सिद्रामप्पांनी गाठोड्याची गाठ करकचून आवळली.

“नागम्मा नसंल खरी,” ते तडकले, “तिला मारणारा मी तर खरा हाय ना!”