एका पन्नीतला खर्रा

हरिदास आणि मी वीस वर्षं एकाच पन्नीतला खर्रा खाल्ला. सुपारी-तंबाखू घोटायचा तो, आणि पहिली चिमूट द्यायचा मला. दोघांच्याही गालात गाठ आली, त्याच्या डावीकडे, माझ्या उजवीकडे. इथवर वाटणी सरळ होती. पुढं देवानं काटा मारला.

कॅन्सरच्या औषधाच्या तीन सलाईनींत त्याची गाठ विरली. माझी अर्धी झाली आणि दोन महिन्यांत दुपटीनं परत आली. तो पारावर बसून कुडुमकुडुम फुटाणे खायचा, मी घरी पेज गिळायचो. त्याचा हेवा वाटायचा, पेजेची चव जाईपर्यंत वाटायचा.

"मले हरिदासचंच औषध पायजे," मी चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना म्हणालो.

"तेच दिलं होतं, मुखरूभाऊ. गाठ एक दिसते, पण आतल्या पेशी एका जातीच्या नसतात. काही औषधानं मरतात, काही रूप बदलून तगतात आणि मग त्याच वाढतात. तुमचा जबडा कापावा लागेल. उशीर नको."

मी सही न करताच गावी आलो. हरिदासनं फुटाणे खायचे आणि मी अर्ध्या तोंडानं जगायचं? नाही कापत जा, म्हटलं.

महिन्यानं त्याच्या धानाच्या बांधीत गेलो. धान निसवून लोंब्या आल्या होत्या. भर उन्हात गळ्याला दुपट्टा गुंडाळून तो धानात माजलेलं तण, करगा, उपटत होता.

"निंदलं होतं ना?" मी खवचटपणे विचारलं.

"निंदलं. पण करगा धानासारखाच दिसते ना गा. धान समजून राहू देल्ला. आता लोंबी आली तं ओळखू आला." त्यानं दुपट्टा सोडला. मानेवर लिंबाएवढी गाठ होती. "हे बी तसंच. महिना झाला. बाई म्हणते, कापा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले बरं वाटलं असतं म्हणून."

मी मान खाली घातली. पायाशी करग्याचं एक ताट राहिलं होतं, ते उपटून बांधावर टाकलं.

"मले भेव लागते, मुखरू," तो म्हणाला. "तू सही केली असती तं मी बी केली असती. तुयीच वाट पाहून राह्यलो होतो."

आख्खा महिना. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि तो माझ्या.

"उद्या पहिल्या गाडीनं जाऊ," मी म्हणालो. "पहिली सही मी करतो. पहिली चिमूट मीच घेत होतो ना."